न जाळलेला पाला

२ मार्च
सहावीत असताना मी खो-खोच्या मैदानावरून पळून घरी आले होते. तेव्हा वर्गशिक्षिका वडिलांना म्हणाल्या, "तुमची वसुमती घाबरट नाही हो, विचारी आहे." त्या एका वाक्यावर मी छत्तीस वर्षं काढली. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी चिमणभाईंनी विचारलं, पालापाचोळ्याचं काय करायचं? माझा हात आपोआप वर गेला. विचारी माणसाचा जातो. आता मी खतप्रकल्पाची प्रमुख. डहाणूतल्या हरित सोसायटी स्पर्धेची पाहणी २८ एप्रिलला.
संकल्प : एकही पान जळणार नाही. एकही पान कंपाउंडबाहेर जाणार नाही. रोज स्वतः खताच्या ढिगाजवळ उभं राहायचं.

५ मार्च
शुक्रीला नवा नियम समजावला. ती आमच्याकडे झाडलोट करते, कासा रस्त्यावरच्या पाड्यातून येते. दरवर्षी बदामाची आणि चिकूची वाळकी पानं चादरीत बांधून घरी नेते, राबासाठी. म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर शेण आणि पाला पसरून जाळायचा. मी धूर, हवा, पृथ्वी, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ताई, तुमच्याकडं भात कशावर शिजतो?" मी म्हटलं, गॅसवर. "हां," म्हणाली आणि झाडू लागली. पटलं असावं.

१९ मार्च
ढीग कमरेएवढा. शुक्री दोन्ही हातांनी पाला खालीवर करते, फावडं घेत नाही. मी जिन्यातून लक्ष ठेवते. "ढिगाजवळ" म्हणजे नक्की किती जवळ, हे संकल्पात लिहिलेलं नाही.

२ एप्रिल, दुपारी ३
फोटो काढायला ढिगापाशी गेले. आतून आवाज आला. कुकरची वाफ दाबून सोडावी तसा, लांबच लांब, संपेचना. पहिल्या मजल्यावरच्या भारतीताईंचा कुकर असणार.
३.४०. भारतीताई आठवडाभर उमरगावला गेल्यात. मग दुसऱ्या कुणाचा तरी.
४.१५. पानांत एक जाड तपकिरी दोरी दिसली होती, पाठीवर गोल ठिपक्यांची साखळी. दोरीला पाठ नसते. अक्षर वाकडं येतंय. दुपारचा चहा राहिला, म्हणून.

३ एप्रिल
सूर्यकांतना सहज विचारलं, घोणस आवाज कसा करते हो? माझे यजमान रेल्वेत तिकिटं देतात, खिडकीबाहेर बघायची त्यांना सवय नाही. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कुकरसारखा. का?" मी म्हटलं, शब्दकोडं.
सांगायला हवं. पण चिमणभाईंना सांगितलं तर तासाभरात ढीग उचलला जाईल. शुक्रीला सांगितलं तर ती चिमणभाईंना सांगेल. पंचवीस दिवस तर राहिलेत. शिवाय लोकांत भीती पसरवणं बरं नाही. आणि साप हासुद्धा पर्यावरणच.

४ एप्रिल
शुक्रीला गमबूट आणि रबरी हातमोजे भेट दिले. कशासाठी विचारलं तर म्हटलं, थंडीसाठी. एप्रिलमध्ये. ती हसायलाच लागली. "ताई, माझं लगीन लावताय का काय?" मीही हसले. बरं वाटलं. प्रश्न सुटला.

७ एप्रिल
गमबूट तिच्या पायांत नाहीत. नवऱ्याला दिले, तो झाईला होडीवर जातो. आणि मोजे? म्हणाली, "मोज्यात हाताला पान कळत नाय."

११ एप्रिल
रोज साडेसातला ती ढिगात हात घालते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. मोजते. आज छत्तीस वेळा. प्रत्येक वेळी हात बाहेर येईपर्यंत मी श्वास घेत नाही. पोळ्या करपतात. सूर्यकांत म्हणाले, "आता पोळ्यांचंही खत करतेस का?" सर्पमित्राचा नंबर मिळवून वहीत लिहिला. सुबक अक्षरात. हीसुद्धा कृतीच.
खाली जाऊन शुक्रीला सांगितलं, काम सुरू करायच्या आधी जोरजोरात पाय आपटत जा, गुडघ्यांना चांगलं असतं. तिने झाडू बाजूला ठेवला. म्हणाली, "तुमची तब्येत बरी हाय ना?"

२० एप्रिल
ढीग छातीपर्यंत. अठरा दिवस आवाज नाही. गेली असणार, तलासरीच्या बाजूला वगैरे. सापांना मोकळं रान आवडतं.
भाजी चिरताना एक गोष्ट लक्षात आली. आधी इथे कधी ढीगच नव्हता. शुक्री दर दोन दिवसांनी पाला घेऊन जायची. साठायला वेळच मिळत नसे. ढीग मी साठवला.
हे वाक्य नंतर खोडायचं.

२७ एप्रिल, सकाळी ९.३०
उद्या पाहणी. हे नीट लिहायला हवं.
शुक्री ओरडली नाही. तिचा हात कोपरापर्यंत पानांत होता, तो आहे तिथेच थांबला. मग हळूहळू, इंचाइंचाने बाहेर आला. ती मागे मागे सरकली, पाऊल न वाजवता, आणि एकदम खाली बसली. मी खिडकीत होते. तोंडातून हाक आली नाही. एकही नाही.
मी खाली पोचेपर्यंत चिमणभाई आणि आणखी चारपाच जण जमले होते. शुक्री सांगत होती, घोणस हाय, हाताला लागली, गार. राबाचा पाला गोळा करताना तिच्या थोरल्या बहिणीला चावली होती. जीपने कासाच्या दवाखान्यात नेत होते. चारोटीला पोचेपर्यंत बहीण बोलत होती, मग बोलली नाही. हे ती कुणाकडे न बघता सांगत होती, जमिनीला सांगितल्यासारखं.
आणि मी म्हणाले, का म्हणाले माहीत नाही, "म्हणूनच तर तुला बूट दिले होते!"
सगळे माझ्याकडे वळले. चिमणभाई घाबरले की गुजरातीवर येतात. "तमने खबर हती, बेन?"
शुक्रीने मान वर केली. "कधीपासून, ताई?"
मी म्हटलं, दोन तारखेपासून.
ती उठली. लुगड्याला चिकटलेली पानं एकेक करून काढली. झाडू भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि फाटकातून निघून गेली.

२८ एप्रिल
सर्पमित्र कालच येऊन घोणस घेऊन गेला. चार फूट. ढीग चिमणभाईंनी ट्रॅक्टरने हलवला. पाहणीवाले आले, मोकळी जागा बघून खूश झाले. स्वच्छतेचं उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं, माझ्या नावाने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे न बघता.

६ मे
शुक्री आली नाही. नऊ दिवस. तिच्या बहिणीने लग्नघरी बोलावलं असेल. बहीण एकच होती का, तेही मला माहीत नाही.

९ मे
जीपने पाड्यावर गेले. बारा जणांच्या मधे बसून, आयत्या वेळी काय बोलायचं ते पाठ करत. विसरले.
तिने पाणी दिलं. खुर्ची सावलीत सरकवली. मी म्हटलं, चुकलं माझं. "असू द्या." मी म्हटलं, मी घाबरले होते. "हां." कामावर येणार का? "नाय जमायचं आता." आवाज अगदी मऊ, तापातल्या माणसाशी बोलावा तसा. घरामागे राबाची जागा दिसली. अर्धीच काळी होती, बाकीची तशीच. मी बघतेय हे तिने पाहिलं. "औंदा पाला पुरला नाय," एवढंच म्हणाली.
ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे, आज कळलं. आठ वर्षं मी तिला अगं-तुगं करत आले. निघताना त्यांनी मला डझनभर जांभळं पानात बांधून दिली. जीपमध्ये मी ती मांडीवर धरून बसले. अजून खाल्ली नाहीत.
मला माझी भीती नीट ओळखता येते असं वाटायचं. सापाची वाटत होती, बक्षीस हुकण्याची वाटत होती. त्या मऊ आवाजाची जास्त वाटते.
उद्या पुन्हा जाणार आहे. काम मागायचं नाही, माफी मागायची नाही. एकच मागायचं. शुक्रीताई, एकदा माझ्यावर ओरडा. सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं, येतील त्या शिव्या घालून. नाही ओरडणार त्या, मला माहीत आहे, पाणी देतील. तरी एकदाच, शुक्रीताई. ओरडा ना.