फाटकापर्यंत पुकारा

बाबा, ज्या कोर्टात तुम्ही जन्मभर कारकुनी केलीत, तिथेच मी आता अधीक्षक आहे, आणि काल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. तुम्ही असतात तर आधी दार लावून घेतलं असतंत आणि हळूच म्हणाला असतात, "साहेबांची माफी माग आणि मोकळी हो." म्हणूनच तुम्हाला लिहितेय. माफी मागणार नाही.

माझा गुन्हा ऐका. शिपाई कोर्टाच्या दारात उभा राहून पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा करतो, कोणी आलं नाही की रोजनाम्यात 'गैरहजर' लिहायचं, संपलं. मी शिपायांना सांगितलं, दारातला पुकारा झाला की मागच्या व्हरांड्यात जा, कँटीनमध्ये जा, फाटकापर्यंत जा, मगच येऊन सांगा. "मॅडम, पायाचे तुकडे पडले वो," म्हणत का होईना, जातात. एका ज्येष्ठ वकिलांनी तक्रार केली की ऑफिस पक्षकारांना शोधून आणतंय. हो, आणतंय. आता माझी बदली मंडणगडला होणार असं सगळे सांगताहेत. होऊ दे, त्या कोर्टालाही फाटक असेलच.

हे खूळ कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. दहावीनंतरची सुट्टी, मी तुमचा डबा घेऊन आलेय. तुमच्या टेबलासमोर गुहागरकडची एक बाई उभी आहे. मागच्या नळावर पाणी प्यायला गेली आणि तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. राहत्या घराचा दावा, तो काढून टाकलाय. "दादा, मी हितंच व्हते वो. वाईच सायबांना सांगा." साहेब आत चहा घेताहेत, दार दहा पावलांवर. तुम्ही वही मिटता आणि म्हणता, "आता लिहून झालं, बाई. वकिलांना भेटा, पुन्हा अर्ज करा." घरी जाताना मी विचारलं, तर म्हणालात, "आपण कारकून. आपलं काम लिहायचं." मला त्या दिवशी तुमची लाज वाटली, बाबा. आजही वाटते. तुम्ही कुणाचा फुकट चहासुद्धा घेतला नाहीत, पण भ्यालात, आणि त्या भिण्याला शिस्त म्हणत राहिलात.

माझा खुलासा अर्ध्या पानाचा आहे. कोणाच्या आदेशाने, असं विचारलंय; मी लिहिलं, माझ्या. पुढेही करणार का, लिहिलं, करणार. गेल्या आठवड्यात हातखंब्याला गाडी अडकलेले एक आजोबा धापा टाकत फाटकाशी पोचले आणि शिपायाने त्यांना हाताला धरून आत आणलं, तेही लिहिलं. आत्ताच साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण तुम्हाला इतकं बोलल्यावर एक सांगायला हवं. दिलगिरीचा दुसरा खुलासाही मी काल टाईप केला होता, सहीसकट. सकाळपासून दोनदा खण उघडला, फाडून टाकायला. अजून फाडलेला नाही.