जिवंतपणीच वाचून दाखवलेले मृत्युपत्र

मी, खुशाल नत्थूजी कामडी, वय ५८ वर्षे, धंदा फिटर (आता घरीच), राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. शरीराचा भरवसा राहिलेला नाही, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मागच्या खेपेला मी मरता मरता वाचलो आणि वाचलेल्या माणसाला असले कागद सुचत नाहीत.

कलम १. हिंगणघाट येथील माझ्या कमाईचे दोन खोल्यांचे घर माझी पत्नी विमलाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, व तिच्यानंतर आमची एकुलती एक मुलगी मोहिनी हिचे राहील. मागच्या खोलीचे पत्रे गळतात. ते बदलतो म्हणून मी विमलाबाईला सहा वर्षे फसवले आहे, ते आधी बदलून घ्यावेत. बँकेतील ठेवही विमलाबाईची.

कलम २. हिंगणी येथील वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा थोरले बंधू बंडूजी यांना द्यावा. तिथे वांगी-मिरची तेच पिकवतात, दर हिवाळ्यात पोतेभर वांगी मला पाठवतात. माझा त्यांच्यावर राग आहे, तो पुढे लिहितो. पण रागापायी जमीन अडवून धरणे मला जमणार नाही.

कलम ३. माझे सर्व पाने, कानशी, बेअरिंग काढायचे पुलर व मोजमापाची पेटी कापसाच्या जिनिंगमधला माझा सहकारी मुकेश झाडे याला द्यावी. माझा वजन उचलायचा चेन-ब्लॉक रेल्वे फाटकाजवळच्या वेल्डरने दोन दिवसांसाठी नेला, त्याला आठ वर्षे झाली. मुकेशने तो परत आणावा आणि तिथे चहा पिऊ नये.

कलम ४. तेरवीला पंगत घालू नये. ज्यांना माझी आठवण येईल ते आपापल्या घरी जेवतील.

कलम ५. आता जे घरात बंडूजींखेरीज कोणाला माहीत नाही ते. माझे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी पोटातल्या गाठीने गेले. बहीण छाया एकोणचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली. घरात सगळे म्हणायचे, कोणीतरी करणी केली. २०१९ साली माझ्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझे रक्त तपासायला पाठवले आणि सांगितले की याला लिंच सिंड्रोम म्हणतात. पेशींतली चूक दुरुस्त करण्याची जी सोय माणसाला जन्मतः असते, ती आमच्या घराण्यात अधू आहे. ती आईकडून किंवा बापाकडून येते, मुलाला येते तशी मुलीलाही येते, आणि प्रत्येक लेकरामागे शक्यता निम्मी.

मग मला इम्युनोथेरपी दिली, म्हणजे अंगातल्या प्रतिकारशक्तीला जागे करणारे सलाईन, दर तीन आठवड्यांनी, दोन वर्षे. गाठी विरघळल्या. २०२१ च्या दिवाळीआधी स्कॅन साफ, दुर्बीण साफ. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, हे विमलाबाईला आज पहिल्यांदा कळेल.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी समोर बसवून सांगितले, "खुशालजी, हा कॅन्सर गेला. पण तुमचं रक्त तेच आहे. या औषधानंतरही नवीन कॅन्सर होऊ शकतो. दरवर्षी दुर्बिणीने आतडं तपासायचं, चुकवायचं नाही. आणि मुलीची रक्ततपासणी करून घ्या." मी हो म्हणालो. तो अहवाल घरी आणून पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवला.

कलम ६. मी एकतीस वर्षे जिनिंगमध्ये काम केले. हंगाम संपला की पावसाळ्यात प्रत्येक जिन उघडायची, सुऱ्या काढायच्या, रोलर पाहायचे. जी जिन बिनतक्रार चालते तीसुद्धा. मालक म्हणत, चांगली चालते तर कशाला उघडतो? मी त्यांच्याशी भांडून उघडायचो. आणि तोच मी २०२२ ला गेलो नाही, २०२३ ला गेलो नाही, २०२४ ला गेलो नाही. भूक लागत होती, वजन वाढले होते, मी स्वतःला दुरुस्त झालेला समजत होतो. या वर्षी आतड्यात दुसऱ्या जागी नवा कॅन्सर निघाला आणि यकृतात पोहोचलेला. तेच सलाईन पुन्हा लावले, या खेपेला उतार पडला नाही. वेळेवर आलो असतो तर तो मोडासारखा असतानाच दुर्बिणीतून काढता आला असता, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

कलम ७. बंडूजी, हे कलम तुमचे. २०२२ च्या उन्हाळ्यात मोहिनीची सोयरीक आर्वीला साहिलरावांशी जुळत होती. मी तुम्हाला अहवाल दाखवला. तुम्ही म्हणालात, "तो कागद फाडून टाक. दरसाल तू कॅन्सरच्या दवाखान्यात दिसला तर आर्वीवाले काय म्हनतीन? पोरीचं लगन मोडते नं." पाहुण्यांना आपण माझ्या पोटात अल्सर होता म्हणून सांगितले. कागद मी फाडला नाही, पण ऐकले तुमचेच. दोष निम्मा तुमचा, निम्मा माझा. माझ्याकडून तुम्हाला जमिनीबरोबर या अहवालाची एक झेरॉक्स मिळेल. तुमची पोरे पियुष आणि अपेक्षा यांचे रक्त तपासून घ्या, आणि तुमचे स्वतःचे आधी. तुम्ही ती झेरॉक्स चुलीत घालाल हे मी ओळखून आहे, म्हणून दोघांना एकेक प्रत परस्पर पाठवली आहे.

कलम ८. <s>मूळ अहवाल पाकिटात बंद करून मोहिनीला माझ्या तेरवीच्या दिवशी द्यावा.</s>

हे कलम मी काल लिहिले आणि आज खोडत आहे. खोडण्यावर माझी सही आहे. झाले असे की, साक्षीला शेजारच्या आनंदाबाई घुगरे आल्या. सरकारी दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून जन्म काढला आहे. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि कागद माझ्या पुढ्यात टाकला.

"खुशालभाऊ, तेरवीले कागद देऊन कोनाचं भलं करता? तोंडानं सांगाची लाज वाटते म्हनून मृत्युपत्र लिहून राह्यले काय?"

मी म्हणालो, होय. लाज वाटते, आणि त्याहून जास्त भीती वाटते.

"मंग मी लावतो फोन," म्हणून त्यांनीच आर्वीला फोन केला. मोहिनी दुपारच्या एसटीने आली, दोन वर्षांच्या लेकीला, खुशीला, कडेवर घेऊन. मी तिला कलम एक ते सात वाचून दाखवले. त्यातले कलम पाचपासून पुढचे साक्षीलाच आलेल्या मुकेशने वाचले. मला वाटले ती ओरडेल, निदान रडेल. तिने खुशीला आनंदाबाईंच्या मांडीवर दिले. मग म्हणाली, "बाबा, मले चार महिन्यांपासून संडासातून रक्त पडून राह्यलं. मले वाटलं मूळव्याध असन. तुमची तब्येत अशी, तुम्हाले काऊन सांगू म्हनून कोनालेच बोलली नाई."

ती अठ्ठावीस वर्षांची आहे. मी तिचे लग्न वाचवले.

कलम ९. म्हणून हे शेवटचे कलम, आणि वरील सर्व कलमांपेक्षा हे वरचढ समजावे. नागपूरला मोहिनीच्या दुर्बिणीची व रक्ताची तारीख बुधवार, ३ डिसेंबर २०२५ अशी मिळाली आहे. साहिलरावांना मी स्वतः फोनवर सर्व सांगितले. ते तारीख लिहून घेत म्हणाले, मी घेऊन जातो. माझ्या हातात किती दिवस आहेत ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी त्या तारखेच्या आदल्या दिवशी गेलो किंवा त्याच सकाळी गेलो, तर मोहिनीला माझ्या मातीला थांबवू नये. सुतक सांगू नये. लोक काय म्हणतील ते लोकांना म्हणू द्यावे. दुर्बिणीसाठी आदल्या दिवसापासून पोट रिकामे ठेवावे लागते, तेव्हा घरात रडारड चालू असली तरी तिला कोणी आग्रहाने घासभरही खाऊ घालू नये. मला अग्नी बंडूजींनी द्यावा, आणि तेवढ्या वेळात मोहिनीची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागलेली असावी.

वरील मजकूर मी शुद्धीत लिहिला, वाचला व कबूल केला. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: खुशाल नत्थूजी कामडी

साक्षीदार:
१. आनंदाबाई रामाजी घुगरे, निवृत्त परिचारिका, हिंगणघाट
२. मुकेश भाऊराव झाडे, फिटर, हिंगणघाट

ठिकाण: हिंगणघाट, जिल्हा वर्धा
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५