वन्संच्या हाकेवरचं औषध

सुकापूर

ती. हौसावन्संना रंजिताचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? जासईत कंटेनरांच्या धुळीनं खोकला वाढला असेल. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पोस्टाची आठवण झाली. (पत्र फाडायचं असेल तर आधी वाचा, मग फाडा.)

इकडचं विशेष म्हणजे मला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. जेवण जात नाही, झोप लागत नाही, हे लेकीनं, भाविकानं हेरलं. तुमच्या भावाचं म्हणणं, आपल्यात असं कुणाला होत नाही, झालंच तर भगताकडे जायचं. आमच्या इमारतीतली पुण्याची, गुजरातची, केरळची माणसं तिथे शिंप्याकडे माप द्यायला जावं तशी जातात. आपली आगरी माणसं ढोपर फुटलं तर गावभर दाखवतील, पण मन दुखलं तर म्हणतील गॅस झालाय. जिना झाडणाऱ्या जिजाला मी विचारलं, तुम्हा कातकऱ्यांत कुठे जातात गो? "खाडा केला तं मजुरी कोन देल?" एवढं म्हणून ती पुढची पायरी झाडायला लागली.

दवाखान्यात एकट्यानं जायची आपल्यात रीत नाही, हे तुम्ही जाणताच. दोन चुलतसासवा, भाविका, गाडी चालवायला तिचा भाऊ प्रितम, आणि येणार नाही म्हणत पुढच्या सीटवर बसलेले तुमचे भाऊ. डब्यात भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. तिथे सगळे एकेकटे, ओळख नको म्हणून मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेले. थोरल्या चुलतसासूनं डबा उघडून शेजारच्या बाईला, तुला काय झालंय, असं सरळ विचारलं. बाई रडायलाच लागली. (सुकटीच्या वासानं, असं तुमचे भाऊ म्हणतात.) पण दोन भाकऱ्या खाऊन गेली.

डॉक्टरीण तरुण, परगावची, गोड बोलणारी. मला एकटीलाच आत घेतलं. समोर माणूस नसताना आवाज येतो का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, येतो, रोज संध्याकाळी नणंदेचा येतो, "वयनी, चाय ठेव गो, मी हाय." तिचा चेहरा बदलला. हळूच विचारलं, नणंद जाऊन किती वर्षं झाली? मी म्हटलं, जाऊन कुठे, जासईला असते, रुसलीय. (दाराला कान लावलेल्या चुलतसासूनं तोवर तुमच्या नावानं कोंबडा कबूल केला होता.)

मग सगळं सांगितलं. प्रितमच्या हळदीत तुम्ही धवले गायला उभ्या राहिलात, आणि त्यानं आणलेल्या डीजेत तुमचं एकही गाणं कुणाला ऐकू आलं नाही. तुम्ही न जेवता गेलात, त्याला दोन वर्षं झाली. घरात एसी आहे, टाइल्स आहेत, आणि मी अजून दोन कप चहा ठेवते, एक ओतून देते. वन्सं, तुमची फार आठवण येते. डॉक्टरीण म्हणाली, झोपेसाठी औषध देते, पण या हाकेवर माझ्याकडे गोळी नाही.

तुमची, तुम्ही मानत असाल तर, वहिनी
रंजिता

ता. क. मी आता ठणठणीत आहे. तुम्ही मुद्दाम यायची काही गरज नाही.

ता. क. २ : भाविकाची हळद पुढच्या महिन्यात आहे. डीजे प्रितमनं स्वतः नको म्हणून सांगितलाय. धवले गायला दुसरं कुणी बोलावलेलं नाही.

ता. क. ३ : संध्याकाळी या आणि जिन्यातूनच हाक मारा. मी लगेच दार उघडणार नाही, रोजचीच हाक वाटेल. ती एकदाच येते. तेव्हा दुसऱ्यांदा मारा.