मार्सीची बातमी आणि एमिलची जागा

थोरल्या जाऊबाई ओल्गा यांना धाकट्या व्हेराचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला कमी असेल तर हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. नसेल तर आधी औषध द्या, कारण हसण्यासारखं बरंच आहे. मी ठीक आहे. (ठीक म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे तशी. वाचनालयातून पुस्तकं आणते, एखादं चांगलं वाक्य आलं की एमिलला ऐकवायला मान वर करते, मग पुन्हा खाली घालते.)

आमच्या टीव्हीवरच्या मार्सी बेकविथची गोष्ट सांगायची आहे. ही ॲरिझोनाची पोर इथं नवी आली, तेव्हा पहिल्याच बर्फात तिनं माझ्या दारासमोरची खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली आणि वाहिनीची व्हॅन तिथं उभी केली. ज्यानं बर्फ उपसला त्याची जागा, आणि तिथं त्याची खुर्ची असली की गव्हर्नरनंसुद्धा पुढं जायचं, हे तिच्या वाळवंटात कोण शिकवणार? (एमिल गेल्यावर त्याची गाडी केव्हाच विकली. तरी मी बर्फ उपसते आणि त्याची स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर मांडते. गल्लीत कुणी त्यावर अवाक्षर काढत नाही.) मी झाडू घेऊन बाहेर गेले. ती म्हणाली, "बाई, मी शोधपत्रकार आहे." मी म्हटलं, "मग आधी खुर्ची कुणाची ते शोध." पोर रडकुंडीला आली, तेव्हा तिला आत आणून सूप पाजलं. तेव्हापासून ती जेवायला माझ्याकडंच असते.

तिची कारकीर्द म्हणजे माणसांच्या मागं माइक घेऊन पळणं. आधी एका हॉटेलातले उंदीर दाखवले. मग जुन्या गाड्यांचे मैलांचे काटे मागं फिरवून विकणारा एक इसम पकडला. तो पळाला, ही टाचांच्या बुटांत त्याच्या मागं, आणि दोघंही घसरून बर्फाच्या एकाच ढिगात. माइक मात्र तिनं शेवटपर्यंत वर धरला होता. यंदा तिनं थेट आमच्या वॉर्डाच्या नगरसेवक ग्रेबललाच धरलं. आमच्या गल्लीच्या चढावर तीन आठवडे बर्फ काढायचं यंत्र फिरकलं नव्हतं, आणि ग्रेबलच्या मेव्हण्याच्या बोलिंगच्या अड्ड्यापुढचं आवार रोज सकाळी लखलखीत. पण ग्रेबल ऑफिसच्या पुढच्या दारानं कधी बाहेर पडेचना. मार्सीचा साहेब म्हणाला, ग्रेबल आणि यंत्र एकाच चित्रात दाखव, नाहीतर करार संपतोय, सकाळच्या कार्यक्रमात केक भाजायला लाग. (तिला अंडं उकडता येत नाही.)

आता ग्रेबल सगळं चुकवेल, पण उपासाच्या शुक्रवारी माझ्या दारासमोरच्या चर्चच्या सभागृहातल्या, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी चुकवणार नाही. आम्ही बायका दुपारपासून लाटायला बसलो होतो. मार्सी आणि तिचा कॅमेरावाला खुंट्यांवरच्या कोटांमागं लपले होते. ग्रेबल उशिरा आला, गल्लीत जागा नाही, तेव्हा त्यानं एमिलची खुर्ची हलवून गाडी घातली आणि आत येऊन परतलेल्या कांद्याची पिरोगी मागितली. एवढ्यात फ्रान्सिस कुझ्मानं खिडकीतून पाहिलं. "व्हेरा, एमिलच्या जागेत कुणाची गं गाडी?"

पुढचं काय सांगू. सगळी गल्ली फावडी घेऊन धावली. गाडी टपापर्यंत बर्फात गाडली, वर म्हाताऱ्या दुशाननं बादल्यांनी पाणी ओतलं, म्हणजे गोठून पक्कं बसावं. ग्रेबल तोंडातला घास तसाच घेऊन बाहेर आला, तर समोर मार्सी.

"माझी गाडी काढा," तो ओरडला.

"यंत्राची वाट बघा, साहेब," दुशान म्हणाला. "आम्हीपण बघतोय."

संतापानं ग्रेबल आत गेला आणि त्यानं सभागृहाच्या फोनवरून कुणाला तरी झापलं. त्याची पिरोगी गार व्हायच्या आत यंत्र गरगरत चढ चढून आलं. चालकानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "साहेब, आज इकडं कसे? बोलिंगचं आवार नाही करायचं?" जाऊबाई, हे सगळं कॅमेऱ्यात. रात्रीच्या बातम्या आम्ही सभागृहातच सगळ्यांनी मिळून पाहिल्या, आणि फ्रान्सिस इतकी हसली की तिची कवळी निघाली. आता आमच्या चढावर यंत्र रोज येतं, आणि ग्रेबल पुढच्या दारानं ये-जा करतो, कारण मागच्या दाराशीही कॅमेरे असतात.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमची,
व्हेरा

ता. क. तुमच्या क्लीव्हलँडच्या मोठ्या वाहिनीनं मार्सीला नोकरीला उचललं. ती रविवारी तुमच्याकडं पोचेल. तुमची वरची खोली रिकामीच आहे, म्हणून तुमच्या वतीनं मी हो म्हणून टाकलंय. तिला सूप आवडतं. माझ्याकडं संध्याकाळी दोन ताटं मांडायची सवय झाली होती, आता पुन्हा एकच मांडायचं, तेवढं जमेल हळूहळू.

ता. क. दोन. खुर्ची हलवली ग्रेबलनंच, ते खरं. पण तो बिचारा पुढं निघाला होता. मीच सभागृहाच्या दारातून हाक मारली, "साहेब, ठेवा बाजूला खुर्ची. आता कोण यायचंय तिथं?" हे वाक्य मी एमिल गेल्यापासून कुणापुढं बोलले नव्हते. बोललेच आहे, तर कुणाच्या तरी कामी आलं. मार्सीला यातलं काही सांगू नका. ती खोदून विचारायला लागलीच, तर आणखी सूप वाढा.