उभ्या पायाचं माप

मारिकिना,
रविवार, दुपारचे तीन

प्रिय मेदी,

मंगळवारी तू फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलास, तो मी चार वेळा ऐकला. औषधांच्या दुकानात बुटात घालायचे तीन तऱ्हेचे इनसोल आहेत, एक निळ्या जेलचा, एक जाड मऊ फोमचा आणि एक कडक, पावलाच्या कमानीखाली उंचवटा असलेला. यातला कुठला घेऊ, असं तू विचारलंस. पुढच्या महिन्यात मॅडमकडचा कामाचा करार संपतोय, पुढच्या दोन वर्षांची सही करायच्या आधी टाच बरी व्हायला हवी, हेही म्हणालीस. खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला. बुटांसाठी देशभर नावाजलेल्या मारिकिनातल्या बूट करणाऱ्याची बायको, तिकडे हाँगकाँगच्या दुकानातून इनसोल विकत घेणार! गल्लीत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अठरा वर्षं, दर नाताळाला आणि दर पावसाळ्याआधी, मी कॉर्क आणि चामड्याची एक जोडी हाताने करून तुला पाठवतोय. दर वेळी तू सांगतेस, फ्लोरो, ढगावर चालल्यासारखं वाटतं. मग आता तो ढग कुठे गेला, असं मनाशी म्हटलं आणि उत्तर पाठवलं नाही.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तुझ्यामागे सतत कुणीतरी असतं, नाहीतर तू सांभाळतेस त्या आजींना औषध द्यायची वेळ झालेली असते, आणि मीही इथे सगळं बरं आहे म्हणून मोकळा होतो. सगळं बरं आहेच म्हणा. आपली लेक जोवेलिन सेबूच्या शाळेत शिकवायला लागली, तिथे रुळली, महिन्यातून एकदा फोन करते आणि मी जेवलो का एवढंच विचारते. मी जेवतो. सकाळी पांदेसालचा पाव, दुपारी भात आणि एखादा वाळवलेला मासा. तिनोलाचा रस्सा करायचं सोडून दिलं, कारण एका माणसासाठी कोंबडी शिजवली की तीन दिवस तीच खावी लागते. तू गेल्यापासून टेबलाच्या तुझ्या बाजूला चामड्याचे तुकडे पडलेले असतात. परवा ते आवरले, पुसून घेतलं, आणि समोरची रिकामी खुर्ची इतकी डोळ्यांत आली की तुकडे पुन्हा तिथेच आणून टाकले. आता हसू नकोस.

गुरुवारी तुझी तिकडची मैत्रीण चोलेंग आली. मुलाच्या लग्नासाठी दोन आठवड्यांची रजा काढून आली आहे, हे तुला माहीत आहेच. तू दिलेली पिशवी तिने दिली, कॉफी घेतली, लग्नाच्या जेवणात डुकराचं मांस कसं कमी पडलं ते साग्रसंगीत सांगितलं. निघताना मी या पावसाळ्याची जोडी तिच्या हातात ठेवली. मेदीला दे म्हटलं, आणि सांग की दुकानातलं काही घेऊ नकोस. चोलेंगने ती जोडी उलटसुलट करून पाहिली आणि परत खुर्चीत बसली. मला काही सांगायचं नाही ही तू घातलेली शपथ मोडायला तिला फार वेळ लागला नाही. तिच्यावर रागवू नकोस, मीच तिला बोलतं केलं.

ती म्हणाली, "दादा, ती हे घालणार कशात? त्या घरात बुटाला उंबऱ्याच्या आत परवानगीच नाही."

मग एकेक करून तिने सगळं सांगितलं. तुझ्या मॅडमच्या घरात सगळीकडे संगमरवर आहे. बूट दाराबाहेर काढायचे आणि आत त्यांनी दिलेल्या कागदासारख्या पातळ सपाता घालायच्या. पहाटेपासून आजींना झोपवेपर्यंत तू त्या सपातांवर उभी असतेस, कणीक मळावी तशी त्यांची पाठ मळतेस, त्यांना उचलतेस, बसवतेस. बूट घालतेस फक्त सुट्टीच्या दिवशी, रविवारी. आणि रविवारी काय करता तुम्ही सगळ्या? पुलाखाली पुठ्ठे अंथरून दिवसभर बसता! म्हणजे माझे इनसोल आठवड्यातून एकदा बाहेर पडायचे, तेही तू पाय पसरून बसायचीस तेव्हा. सुरुवातीच्या वर्षांतल्या जोड्या तू वापरल्यास, नंतरच्या तुला टोचायला लागल्या, आणि आता सगळ्या तुझ्या पलंगाखालच्या बॅगेत कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. एकही टाकून दिली नाहीस म्हणे.

टोचणार नाहीत तर काय होईल! सहा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा पाय दुखतात म्हणालीस, तेव्हा मी तुझ्या पावलाची नवी रेघ काढून मागवली होती, लांबच्या गिऱ्हाइकांकडून मागवतो तशी. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बॉलपेनने काढलेलं तुझं पाऊल आलं आणि मी ते अख्ख्या गल्लीत दाखवत फिरलो. बघा, म्हटलं, एवढी वर्षं राबून माझ्या बायकोचा पाय पंचविशीतल्या पोरीसारखा अरुंद, कमान जशीच्या तशी. त्याच मापाने कमान चांगली उंच करून दिली. चोलेंग म्हणते की ती रेघ तिनेच काढली होती, रविवारी, तू बसली होतीस तेव्हा. बसलेल्या माणसाचा पाय! चाळीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस मी, शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्या दिवशी हेच सांगतो की माप उभं करून घे, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, कमान बसते. तुझी रेघ पाहून मला शंका यायला हवी होती. पण मला ती आवडली, म्हणून मी विचारलं नाही.

आणि मेदी, सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? दुकानात कुणीही आलं, मासे विकणारी असो, शाळेतली बाई असो, जीपनीचा ड्रायव्हर असो, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुम्ही दिवसभर उभे कुठे असता? ओल्या फरशीवर, लाकडावर, मातीत, की पायाखाली क्लच असतो? ते कळल्याशिवाय मी चामड्याला हात लावत नाही. अठरा वर्षांत हा प्रश्न मी तुला विचारला नाही. चोलेंग गेल्यावर दुपारभर दुकान उघडं टाकून बसलो होतो. एक गिऱ्हाईक आलं, माझ्या चेहऱ्याकडे बघून परत गेलं.

तेव्हा आता नीट ऐक, तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. जेलचा घेऊ नकोस. अंगठ्याने दाबला की तो छान वाटतो, पण आपण अंगठ्यावर चालत नाही, अंगाच्या भाराखाली तो दुपारपर्यंत चेपून जातो. मऊ फोमचंही तेच. कडक घे, पण दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवून बघ. कागदासारखा दुमडला तर परत ठेव. थोडा वाकून परत सरळ झाला तर बरा. टाचेला वाटीसारखी खोली हवी. पाय ओला करून फरशीवर उभी राहा आणि उठलेला ठसा बघ, मधला भाग जवळजवळ भरलेला दिसला तर कमान बसली आहे, मग फार उंच उंचवटा सोसणार नाही, मधल्या उंचीचा घे. दुकानात उभं राहून पारख, बसून नाही. आणि बुटात नको घालूस. मॅडमना सांगून जाड तळाच्या, मागे पट्टा असलेल्या घरात घालायच्या सपाता घे, एक नंबर मोठ्या, आणि त्यात तो बसव. कापायचा झाला तर बोटांकडून काप, टाचेकडून कधीच नाही. पहिल्या दिवशी एक तास, मग हळूहळू वाढव. आठ-दहा दिवसांनी दुखणं दुसरीकडे सरकलं तर माझं ऐकू नकोस, डॉक्टरला दाखव. आणि माझ्या त्या जोड्या टाकून दे. खरंच टाकून दे, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी टाकून दे.

एवढं सांगायला पत्र लागत नव्हतं. चोलेंग बुधवारी परत निघते आहे, तिच्या हाती हे देतोय, कारण पुढचं मला फोनवर बोलता येणार नाही. गेल्या तीन दुपारी मला तुझा सहा वर्षांपूर्वीचा तो फोन आठवतो आहे. तेव्हाही करार संपत आला होता. तू म्हणाली होतीस, "फ्लोरो, पाय फार दुखतात रे. आता होत नाही." आणि थांबली होतीस. मी म्हणालो, रेघ काढून पाठव, चांगली जोडी करून देतो. त्या वेळी जोवेलिनचं कॉलेज होतं, माझं दुकान चालत नव्हतं, आणि आणखी दोनच वर्षं हे आपल्या घरात दर वेळी मीच म्हणायचो, तू कधीच नाही. तू इनसोल मागत नव्हतीस, मेदी. तू घरी येऊ का म्हणून विचारत होतीस, आणि मला ते कळलं होतं. कळूनच मी जोडी पाठवली. मंगळवारी तू पुन्हा पाय दुखतात म्हणालीस, तेव्हा कदाचित इनसोलच विचारत असशील. पण या वेळी मी तुझ्या तोंडून ते निघायची वाट बघणार नाही. सही करू नकोस. घरी ये.

तुझाच,
फ्लोरो