बाबांचा आवाज डब्यात होता

२ नोव्हेंबर, रवि.
डबा सुरू झाला! ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर, त्यात दोन डिस्क. टीव्हीखाली गुरगुरत बसलाय. आता आपले फोटो आपल्याच घरात. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं तसंच्या तसं. क्लाऊड रिकामा करून खातंसुद्धा बंद केलं. स्मिता म्हणाली, "थोडे दिवस राहू दे की." बायकोला प्रत्येक गोष्टीची धास्ती. म्हटलं, स्वतःचं घर झाल्यावर भाड्याची खोली कशाला ठेवायची?
दुपारी चौकला, आईबाबांच्या घरी गेलो, आईचा फोनही डब्याला जोडून आलो. बाबांचे ऑपरेशनआधीचे व्हिडिओ तिच्याच फोनमध्ये. स्वरयंत्र काढल्यापासून त्यांचा आवाज आहे तो तेवढ्यातच. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

६ नोव्हेंबर
ऐन मीटिंगमध्ये आईचा फोन. "यो फोन भरलाय म्हनतंय. नातवाचं फोटो येत न्हाय." म्हटलं, जुने व्हिडिओ उडव बिनधास्त, फोनच्या कचरापेटीतूनही, सगळं माझ्या डब्यात आहे.
"नक्की हाय ना रे?"
"अगं हो!" जरा खेकसलोच.

९ नोव्हेंबर
स्मि.ला तिच्या माहेरच्यांना बाबांचा होडी ओढतानाचा व्हिडिओ दाखवायचा होता. डब्यात नाही. दुसरा बघितला, तोही नाही. आईच्या फोल्डरमध्ये एकही जुना व्हिडिओ नाही.
सेटिंग उघडलं आणि कळलं. फोनमध्ये जे असेल तेच डब्यात, असं मीच ठेवलं होतं. आईने तिकडे पुसलं, डब्याने इकडे पुसलं. दोन्ही डिस्कवरून, इमानेइतबारे. कचरापेटी ठेवायची सोय होती, ती जागा खाते म्हणून मीच बंद केली होती. दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त होतो. मूर्ख. महामूर्ख.
आणि क्लाऊड तर मीच झाडून पुसून...
 

१० नोव्हेंबर
अर्धी रजा. भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या गल्लीत एक डिस्क दुरुस्तीवाला आहे. त्याने पहिलं हेच विचारलं, "डिलीट होने के बाद इसमें कुछ डाला क्या?"
टाकलं होतं. मेव्हण्याच्या लग्नाचं सगळं शूटिंग. डबा कसा झकास चालतो ते बघायला.
"तो उसके ऊपर लिख गया होगा. देखता हूँ, पर उम्मीद मत रखना."
दोन्ही डिस्क त्याच्याकडे ठेवून आलो.
संध्याकाळी आई फोनवर, एकदम खुशीत. "रविवारी येशील तवा ह्यांचं व्हिडिओ टीव्हीवर लाव. मोठं दिसतील." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? 

१३ नोव्हेंबर
नातेवाईकांना विचारत सुटलोय. कुणाकडे बाबांचा एखादा व्हिडिओ आहे का, सहज विचारतोय असं दाखवत. डोंगरीच्या चुलतभावाकडे एक निघाला. पावसाळ्याआधी होडी वर ओढतानाचा. बाबा तांडेल, होडीचे म्होरके, म्हणजे आरोळी त्यांची. ती त्यांनी द्यायची, मग बाकीच्यांनी "हैश्या!" करून जोर लावायचा.
पण हा पठ्ठ्या उभा होता पार दुसऱ्या टोकाला, ओढणाऱ्यांच्या मागे. "हैश्या" खणखणीत येतं. बाबांची आरोळी वाऱ्यात गेली. नुसता वारा, मग सगळे. परत वारा, परत सगळे. रिक्षात कानाला लावून ऐकत आलो. एका ठिकाणी काहीतरी ऐकू येतं असं वाटतं. भासही असेल.
ते सगळे दर वेळी ज्याला साथ देतायत, तो आवाजच फक्त नाही.

१६ नोव्हेंबर, रवि.
चौक. आधी तो डोंगरीचा व्हिडिओ लावला, टीव्हीवर नाही, माझ्याच फोनवर. बाबा ओट्यावर जाळं शिवत होते. आवाज ऐकून जवळ आले. वारा वाजला की त्यांचे ओठ हलायचे, मग माणसं "हैश्या" म्हणायची. एकदाही चुकले नाहीत. आईचं फोनकडे लक्षच नव्हतं, ती त्यांच्याकडे बघत होती.
मग म्हणाली, "यात ह्यांचा आवाज न्हाय. डब्यातलं लाव."
सांगून टाकलं. सगळं, एका दमात.
"म्हंजे मीच पुसला?"
"नाही आई, मी. मी तसं लावून ठेवलं होतं." पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत सांगितलं. पटलं असं वाटलं नाही. फोन मांडीवर उलटा ठेवून बसली.
तशीच म्हणाली, "पुसायच्या आधी एकेक लावून बगितला मी. एकदाच. म्हटलं, आता कवापन बगता येल."
मला तिच्याकडे बघवेना. बाबांनी बोटाने खूण केली, परत लाव. लावला.
दुरुस्तीवाल्याचा अजून फोन नाही.