काकांनी पाडलेलं विमान

शहापूर, १२ जुलै १९९९

ती. स्व. धाऊकाकांस,
अनिताचा सा. न. वि. वि.

भाताची आवणी उरकली का? काकूची कंबर कशी आहे?

पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत तुमचा सत्कार ठरलाय. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचं विमान पाडणारा तोफची माझा सख्खा काका, हे मीच हेडमास्तरांना सांगून बसले. आता मी शिकवते त्या वर्गातली मुलं मला भंडावून सोडतात. विमान किती उंच होतं? शत्रूचंच, हे कसं ओळखलं? मला काय ठाऊक? तुमची कीर्ती ऐकली ती सगळी काकूकडून. तुम्ही एक अवाक्षर काढत नाही, इतका लाजरेपणा नव्या नवरीलाही शोभत नाही. सविस्तर लिहा.

चेष्टेचा राग आला तरी लोभ कमी करू नये.
तुमची, अनिता

धसई, १९ जुलै १९९९

चि. अनितास, अ. उ. आ.

कंबर बरी आहे. सत्कार रद्द कर.

कसं ओळखलं म्हणतेस, तर ओळखलंच नाही. भात पिकलं की आम्ही शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं राखायचो. सावली हलली की गोफण सोडायची, पाखरू कुठलं ते मागाहून बघायचं. तोच हात तोफेवर घेऊन गेलो. खूण पटल्याशिवाय गोळा सोडायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. धुक्यातून विमान खाली आलं आणि मी सोडला. विमान आपलं होतं.

गावात बातमी पोचली, धाऊने विमान पाडलं. कोणाचं ते कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. काकूलाही नाही.

पत्र चुलीत घाल. जमलं तर माया ठेव.
धाऊकाका

शहापूर, २४ जुलै १९९९

ती. स्व. काकांस, सा. न. वि. वि.

पत्र चुलीत घातलं नाही, घालणारही नाही. हेडमास्तरांना अजून काही बोलले नाही, तुम्ही म्हणाल तसं करू. पण राहवत नाही म्हणून विचारते. विमानात कोण होतं? जगलं का? तुम्ही सगळं लिहिलंत आणि नेमका माणूसच गाळलात.

माझी माया तसूभरही हललेली नाही, तुमचीही हलू देऊ नका.
अनिता

धसई, २ ऑगस्ट १९९९

चि. अनितास, अ. उ. आ.

जगला. छत्रीने उतरला, पाय मोडला. मीच आधी पोचलो आणि त्याला पाठीवर घेऊन कोसभर चाललो. तो वाटभर आभार मानत होता. कुठल्या तोफेने पाडलं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने माझं नाव-गाव विचारलं, ते सांगितलं. पुढचं सांगायला जीभ उचलली नाही. फार लाज वाटली, गो.

तेव्हापासून दर दिवाळीला त्याचं पत्र येतं, हिंदीत, जीव वाचवणाऱ्या भावाला म्हणून. सत्तावीस झाली. एकालाही उत्तर दिलं नाही.

काल काकूला सगळं सांगितलं. तिने हातातली भाजी निवडून पुरी केली. मग म्हणाली, शाळेत सांगाल तवा सांगा, आधी त्या मानसाला कळवा. आज त्याला लिहिलं आणि मुरबाडला जाऊन स्वतः टाकलं.

पंधरा ऑगस्टला येतो. हार आणू नको. आपलंच विमान पाडणारा येतोय, असं मुलांना आधी सांग, मग काय हवं ते विचारू दे.

यंदा दिवाळीला त्याचं पत्र आलं नाही, तर माझं पोचलं असं समजेन. तू मात्र लिहीत जा.
धाऊकाका